नव्या टीएंना नुसतं ओरिएंटेशन पुरत नाही, सेमिस्टरभर काय करायचं ते सविस्तर

तुमचा प्रश्न असा की डिपार्टमेंटने या सेमिस्टरला नव्या टीएंची (टीचिंग असिस्टंट, म्हणजे प्रोफेसरांच्या कोर्समध्ये ट्युटोरियल घेणारे आणि पेपर तपासणारे विद्यार्थी) अख्खी बॅच तुमच्या हवाली केलीय, सगळे मास्टर्स नाहीतर पीएचडीच्या पहिल्या वर्षाचे, आधी कुणीच शिकवलेलं नाही, आणि आजवरची पद्धत म्हणजे सुरुवातीला एक दिवस ओरिएंटेशन, हातात एक फाईल, मग थेट सेमिस्टर संपल्यावर मुलांचे फीडबॅक फॉर्म. मधल्या काळात तुम्ही काय करायचं, किती वेळ द्यायचा आणि कशात लक्ष घालायचं नाही, हे तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं हेच काम करतेय, फिजिक्सच्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या कोर्सेसमध्ये, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील, पण विषय कुठलाही असला तरी अडचणी याच असतात.

आधी मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. नव्या टीएचं सगळं लक्ष स्वतःकडे असतं. मला उत्तर नाही आलं तर काय, आवाज थरथरला तर काय, ही मुलं माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान आहेत, माझं ऐकतील का, बोर्डावर चूक झाली तर हसतील का. हे अगदी साहजिक आहे, यात त्यांचा काही दोष नाही. पण जोवर लक्ष स्वतःकडे आहे तोवर समोरच्या बाकावरच्या मुलाने वहीत काय लिहिलंय ते दिसतच नाही, आणि शिकवणं तर तिथूनच सुरू होतं. हे लक्ष स्वतःवरून मुलाच्या वहीकडे वळवणं, मेंटर म्हणून तुमचं खरं काम हे आहे. नुसतं "मुलांकडे लक्ष दे" असं सांगून ते होत नाही, त्यांना दर आठवड्याला असं काहीतरी काम द्यावं लागतं की मुलाच्या वहीत डोकावल्याशिवाय ते पूर्णच होणार नाही. खाली जे जे लिहितेय त्यातलं बरंचसं त्यासाठीच आहे.

सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी, टीएंशी बोलायच्याही आधी, कोर्सच्या प्रोफेसरांशी बसून बोला. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढच्या निम्म्या तक्रारी तिथूनच उगवतात. टीएने आठवड्याला किती तास काम करायचं, लेक्चरला बसायचं की नाही, असाइनमेंटची उत्तरं कोण लिहिणार, पेपर किती दिवसांत तपासून परत द्यायचे, मार्कांवरून मुलगा भांडायला आला तर शेवटचा शब्द कुणाचा, डेडलाईन वाढवून द्यायचा अधिकार टीएला आहे का. एका पानात बसतं हे सगळं, लिहून घ्या आणि तेच पान टीएंना द्या. त्यातही तासांचं जरा जास्तच मनावर घ्या. काही टीए एका तासाच्या ट्युटोरियलसाठी अख्खा शनिवार-रविवार तयारीत घालवतात, मग त्यांचं स्वतःचं कोर्सवर्क मागे पडतं, रिसर्च मागे पडतं, गाईड चिडतात, आणि टीए हे कुणाला सांगतही नाही कारण त्याला वाटतं बाकी सगळ्यांना जमतंय, मलाच जमत नाहीये. म्हणून पहिले तीन-चार आठवडे प्रत्येकाला तास लिहून ठेवायला सांगा, कशावर किती गेले त्यासकट. तपासणीत वेळ जात असेल तर उपाय वेगळा आणि तयारीत जात असेल तर वेगळा, आणि तो आकडा समोर असल्याशिवाय तुम्हाला कळणारच नाही. तास खरंच ठरल्यापेक्षा जास्त होत असतील तर प्रोफेसरांशी बोलायला तुम्ही जायचं, टीएला पाठवायचं नाही. त्याला पुढे त्याच प्रोफेसरांकडून शिफारसपत्र हवं असतं, तो कसा काय बोलणार.

ओरिएंटेशन बंद करा असं मी म्हणत नाही, पण नियम वाचून दाखवण्यात तो दिवस घालवू नका, नियम वाचायला देता येतात. त्या दिवशी प्रत्येकाला पहिल्या आठवड्याचा एक प्रश्न द्या आणि बाकीच्या टीएंसमोर दहा मिनिटं शिकवायला लावा. मायक्रोटीचिंग म्हणतात ती हीच पद्धत, 1960च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये सुरू झाली, छोटा पाठ, समोर मोजकी मुलं, लगेच फीडबॅक आणि मग तोच पाठ पुन्हा. आता बहुतेक ठिकाणी होतं काय की पहिले तीन भाग करतात आणि "पुन्हा" ला वेळ उरत नाही, खरा फायदा तर त्यातच आहे. समोर माणसं कमी असली तरी चालेल, दोन गट करा, पण दुसऱ्यांदा शिकवू द्या. पाच मिनिटांपूर्वी मिळालेली सूचना वापरून लगेच फरक पडला की टीएच्या चेहऱ्यावरच दिसतं, आणि आपल्याला हे शिकता येतं हा विश्वास त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. समोर बसणाऱ्यांपैकी एकाला अडकलेल्या मुलाचं काम द्या, म्हणजे "मला पहिलीच ओळ कळली नाही" असं म्हणणारा कुणीतरी असलाच पाहिजे.

त्याच दिवशी "मला येत नाही" हे कसं म्हणायचं त्याचाही सराव करून घ्या, चक्क तोंडाने म्हणून. "हे मला आत्ता नक्की सांगता येणार नाही, मी बघून पुढच्या वेळी सांगतो." एवढंच वाक्य, पण घरी मनात म्हणणं वेगळं आणि तीस जणांसमोर म्हणणं वेगळं. आणि पुढच्या वेळी वर्गात शिरल्या शिरल्या पहिली गोष्ट तीच सांगायची. हे एकदा नीट केलं की मुलांचा त्या टीएवरचा विश्वास वाढतो, आणि टीएच्या डोक्यातली सगळ्यात मोठी भीती पहिल्या पंधरवड्यातच निघून जाते.

मग दर आठवड्याची मीटिंग. पाऊण तास, ठरलेला वार, ठरलेली वेळ, सगळे टीए एकत्र, आणि ही कधीच रद्द करायची नाही. अजेंडा दोनच गोष्टींचा ठेवा. येत्या आठवड्यात मुलं कुठे अडकणार आहेत, आणि गेल्या आठवड्यात कुठे अडकली. दुसऱ्या भागासाठी प्रत्येक टीएने एका मुलाची एक चूक आणायची, मुलाचं नाव न घेता, मुलाने जशी लिहिली तशीच्या तशी. "मुलांना फ्रिक्शन (घर्षण) कळत नाही" हे चालणार नाही. मुलाने काय लिहिलं होतं, बाण कुठे काढला होता, आणि तसं का काढला असेल? सुरुवातीला टीए रिकाम्या हाताने येतात, "माझ्याकडे सगळं ठीक चाललंय मॅडम" म्हणतात. म्हणू द्या, पण पुढच्या वेळी पुन्हा मागा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ते चुका गोळा करायला लागतात, मग तर मीटिंग आवरती घेणं अवघड होतं, कारण चूक बघायची गोडी लागते. "हा मुलगा असं का लिहितो ते मला आत्ता कळलं" हे वाक्य टीएच्या तोंडून आलं की समजा गाडी रुळावर आली.

आता पेपर तपासणी, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण टीएचे सगळ्यात जास्त तास यात जातात, मुलांची सगळ्यात जास्त नाराजी यावरूनच असते आणि मेंटर लोक सगळ्यात कमी लक्ष इथेच देतात. मार्किंग स्कीम दिली की झालं असं त्यांना वाटतं. होत नाही तसं. डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघा अमेरिकन संशोधकांनी 1912 मध्ये इंग्लिशचे तेच पेपर कितीतरी शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतले होते आणि मार्कांत प्रचंड तफावत निघाली, लोक म्हणाले भाषेचा विषय आहे, असं होणारच, तर त्यांनी 1913 मध्ये भूमितीचा पेपर घेतला आणि तिथेही तेच, एकाच पेपरला कुणी नापास केलं तर कुणी उत्तम मार्क दिले. इतक्या जुन्या काळापासून माहीत असलेली गोष्ट आहे ही आणि तरी आपण नव्या टीएच्या हातात गठ्ठा देऊन "एका आठवड्यात दे" म्हणतो.

मी काय करते ते सांगते. पहिला गठ्ठा वाटायच्या आधी तपासणीची एक बैठक. एकाच प्रश्नाची चार-पाच उत्तरं निवडायची, नावं झाकून कॉपी काढायच्या, सगळ्या टीएंनी तिथेच बसून आपापले मार्क द्यायचे, एकमेकांशी न बोलता, आणि मग सगळे आकडे बोर्डावर. एक नेहमीचं उदाहरण घ्या. खडबडीत इन्क्लाइनवर, म्हणजे उतारावर, एक ब्लॉक वरच्या दिशेने ढकलून सोडलाय, तो वर सरकत असताना त्याचं ॲक्सिलरेशन काढा, दहा मार्क. एका मुलाने सुरेख डायग्राम काढलीय, सगळे फोर्स दाखवलेत, कंपोनंट बरोबर, अल्जिब्रा बरोबर, फक्त फ्रिक्शनचा बाण उताराच्या वरच्या दिशेने काढलाय. ब्लॉक वर जातोय म्हणजे फ्रिक्शन खाली हवं. त्यामुळे जिथे दोन टर्मची बेरीज व्हायला हवी तिथे वजाबाकी झालीय, बाकी पुढचं सगळं त्या हिशोबाने चोख. या उत्तराला एक टीए आठ मार्क देतो, म्हणतो साइनची चूक आहे, दोन कापले. दुसरी टीए तीन देते, म्हणते अहो हा प्रश्न विचारलाय तोच मुळी फ्रिक्शनची दिशा कळते का बघायला, ती चुकली म्हणजे राहिलं काय. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे, आणि इथे मेंटरने पटकन आकडा सांगायचा नाही. विचारायचं, या मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल? मग कुणीतरी म्हणतं की याला वाटतंय ग्रॅव्हिटी खाली ओढते म्हणून फ्रिक्शन वर, म्हणजे तो फ्रिक्शनला ग्रॅव्हिटीच्या विरुद्ध लावतोय, सरकण्याच्या विरुद्ध लावतच नाहीये. आणि असं कशामुळे झालं असेल, तर आधीच्या सगळ्या उदाहरणांत ब्लॉक उतारावरून खाली घसरत होता, तिथे दोन्ही नियम एकच उत्तर देतात! एवढं कळलं की मग मार्कांवर एकमत व्हायला वेळ लागत नाही, दिशेला अमुक मार्क, कंपोनंटला अमुक, चूक पुढे गेली पण पुढची पद्धत बरोबर असेल तर त्याचे अमुक, आणि हे सगळं तिथल्या तिथे स्कीममध्ये लिहायचं. आणि मुलाच्या पेपरवर काय लिहायचं तेही ठरतं. "साइन चूक" लिहून त्याला काहीच कळणार नाही. "ब्लॉक कुठल्या दिशेने सरकतोय? फ्रिक्शन त्याला अडवणार" हे लिहिलं तर कळेल.

तपासणीचे अजून दोन-तीन नियम पटापट सांगते. एका मुलाचा अख्खा पेपर तपासू नका, सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने 1920 मध्ये ज्याला हॅलो इफेक्ट म्हटलं तो पेपरातही असतोच, पहिलं उत्तर झकास असलं की दुसऱ्यातली चूक माफ होते. शक्यतो नाव न बघता तपासा. पाच-दहा पेपर झाले की मागे जाऊन पहिले दोन पुन्हा बघा, सुरुवातीला हात जड असतो आणि नंतर सैल होतो, किंवा उलट. रात्री उशिरा तपासू नका. आणि शेरे लिहिण्यात टीए फार वेळ घालवत असेल तर त्याला सांगा की एका पेपरवर एकच कामाचा शेरा पुरे, बाकी समान चुकांचं एक पान सगळ्या वर्गासाठी करायचं. रूथ बटलर यांचा 1988चा एक अभ्यास आहे, शाळकरी मुलांवर केलेला, त्यात नुसते शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली पण शेरा आणि मार्क दोन्ही एकत्र दिले तेव्हा शेऱ्याचा फायदा दिसला नाही. युनिव्हर्सिटीत मार्क न देऊन चालणार नाही हे मान्य, पण शक्य असेल तिथे आधी शेऱ्यांसकट पेपर द्या, मुलांना वर्गातच दहा मिनिटं ती चूक दुरुस्त करू द्या, आणि मार्क नंतर टाका. आम्ही करतो असं, तक्रारीसुद्धा कमी येतात.

दुसरं मोठं काम म्हणजे वर्गात जाऊन बसणं. प्रत्येक टीएचा एक तास, तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या दरम्यान, त्याला आधी सांगून. त्याच्या आधी जाऊ नका, धड बसलेला नसतो, आणि फार उशीरही नको कारण सवयी पक्क्या होतात. न सांगता तर अजिबातच जाऊ नका. जायच्या आधी त्यालाच विचारा की मी काय बघू, तुला कशाची काळजी वाटते. मागच्या बाकावर बसायचं, मध्ये बोलायचं नाही, वहीत दोन रकाने, एकात वेळ आणि दुसऱ्यात काय झालं. मत लिहायचं नाही, "चांगलं", "कंटाळवाणं" असलं काही नाही. फक्त काय घडलं.

उदाहरणार्थ त्याच फ्रिक्शनच्या प्रश्नावर वहीत असं काहीतरी येतं. टीएने विचारलं, "फ्रिक्शन कुठल्या दिशेला?" एक सेकंद. स्वतःच म्हणाला, "खाली ना, कारण ब्लॉक वर चाललाय." तिसऱ्या बाकावरच्या मुलीने वर काढलेला बाण खोडला, खाली काढला. टीए बोर्डाकडे वळला. "कळलं का सगळ्यांना?" दोघे मान हलवतात. पुढचं गणित.

आता या चार ओळींत सगळं आहे. नंतर टीएशी बोलताना मी त्याला "तू थांबत नाहीस" असं म्हणत नाही, ती नोंद वाचून दाखवते आणि विचारते, त्या मुलीने बाण खोडला तेव्हा तिला काय कळलं असेल? बहुतेक वेळा टीए एकदम गप्प होतो आणि मग स्वतःच म्हणतो की तिला एवढंच कळलं की उत्तर खाली आहे. बस, यापुढे फार सांगावं लागत नाही. मेरी बड रो यांनी शाळांतल्या विज्ञानाच्या वर्गांवर फार वर्षं काम केलं, 1970च्या दशकात त्यांनी मांडलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभर थांबतात, आणि ते तीन सेकंदांच्या वर नेलं की मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. पण नुसतं "तीन सेकंद थांब" सांगितलं तर टीए मनात आकडे मोजत उभा राहतो, म्हणजे पुन्हा लक्ष स्वतःकडेच. त्यापेक्षा त्याला त्या वेळात करायला काम द्या. प्रश्न विचार, खडू खाली ठेव, "प्रत्येकाने बाण वहीत काढा" म्हण, आणि बाकांमधून चाल. चालताना वह्या बघ. बोर्डावर परत येऊन वह्यांत दिसलेले दोन्ही बाण काढ, बरोबर कुठला ते सांगू नकोस, आणि शेजाऱ्याला पटवायला सांग. हार्वर्डच्या एरिक मझुर यांनी 1990च्या दशकात पिअर इन्स्ट्रक्शन म्हणून जे लोकप्रिय केलं त्याच धर्तीवरचं आहे हे, आणि ट्युटोरियलच्या छोट्या वर्गात तर ते फारच सोपं जातं, त्याला काही यंत्र-बिंत्र लागत नाही.

एक मात्र टीएला आधीच सांगून ठेवा. असं शिकवायला लागलं की काही मुलं कुरकुर करतात, "सर नीट सोडवून दाखवत नाहीत" म्हणतात. 2019 मध्ये हार्वर्डमध्येच फिजिक्सच्या सुरुवातीच्या कोर्सवर केलेला एक अभ्यास आलाय, त्यात ज्या मुलांनी वर्गात स्वतः प्रश्न सोडवले ती टेस्टमध्ये जास्त शिकलेली निघाली पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो, छान गुळगुळीत लेक्चर ऐकलं की सगळं कळल्यासारखं वाटतं ना. टीएला हे माहीत नसेल तर पहिल्या कुरकुरीला तो घाबरून पुन्हा बोर्डावर गणितं उतरवायला लागतो. मुलांनाही पहिल्या तासाला हे सांगून टाकावं, की तुम्हाला अवघड वाटेल, ते तसंच असतं.

वर्ग बघून झाला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी बोला. एकच गोष्ट बदलायला सांगा. तुमच्या वहीत बारा गोष्टी असतील, अकरा ठेवून द्या. आणि जे चांगलं झालं ते सुद्धा नोंद वाचूनच सांगा, "छान घेतलास तास" याचा काही उपयोग नाही, "त्या मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर तू त्याला कारण विचारलंस आणि त्याला स्वतःच चूक सापडली" हे त्याला पुढच्या वेळी मुद्दाम करता येतं.

ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे मुलांनी शंका घेऊन यायच्या ठरलेल्या वेळेत, उलटी अडचण असते. तिथे मन लावून काम करणारे टीए मुलाचं अख्खं असाइनमेंट सोडवून देतात, मुलगा खूश, टीए खूश, आणि परीक्षेत मुलगा कोरा. पेन कुणाच्या हातात आहे ते बघ, एवढंच सांगते मी टीएंना. पेन मुलाच्याच हातात राहिलं पाहिजे. पहिला प्रश्न नेहमी "तू काय करून बघितलंस ते दाखव". काहीच केलं नसेल तर त्याला तिथेच एका कोपऱ्यात बसवून डायग्राम काढायला सांगायची आणि तोवर दुसऱ्या मुलाकडे वळायचं.

मर्यादांबद्दल, म्हणजे मुलांशी कितपत जवळीक, यावर लोक बोलायला लाजतात पण हे स्पष्टच बोलायला हवं, आणि पहिल्याच आठवड्यात. वयातलं अंतर कमी असतं, टीए नव्या जागी एकटा असतो, मुलं ग्रुपमध्ये ॲड करतात, पार्टीला बोलावतात. ज्याचे मार्क टीएच्या हातात आहेत त्याच्याशी प्रेमप्रकरण नाही, उसनवार नाही, मार्कांबद्दल खासगी मेसेजवर बोलणं नाही, जे काय ते युनिव्हर्सिटीच्या ईमेलवर. एका मुलाचे मार्क दुसऱ्याला सांगायचे नाहीत, त्याच्या आई-वडिलांनासुद्धा परस्पर नाहीत, तुमच्याकडे याचे नियम काय आहेत ते बघून ठेवा. टीए आधीपासूनच एखाद्या मुलाला ओळखत असेल, नात्यातला असेल, तर तो पेपर दुसऱ्या टीएकडे द्यायचा, त्यात संकोच नको.

कॉपी सापडली तर टीएने मुलाला जाब विचारायचा नाही. दोन्ही पेपर बाजूला काढायचे, काय जुळतंय ते लिहायचं आणि तुमच्याकडे किंवा प्रोफेसरांकडे आणून द्यायचं, तिथे त्याचं काम संपलं. एआयने लिहिलेल्या उत्तरांबाबतही तेच. ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आकड्यावर कुणावर आरोप करू देऊ नका, 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं होतं की ज्यांची मातृभाषा इंग्लिश नाही अशांचे स्वतः लिहिलेले निबंधसुद्धा ही सॉफ्टवेअर्स एआयचे म्हणून दाखवतात. शंका आली तर प्रोफेसरांच्या संमतीने मुलाला तेच उत्तर तोंडी समजावून सांगायला लावणं हे बरं.

आणि एखादं मूल रडत आलं, घरचं काही सांगायला लागलं, जगावंसं वाटत नाही म्हणालं, तर काय करायचं हे टीएला आधीच माहीत पाहिजे. ऐकून घ्यायचं, वाद घालायचा नाही, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, आणि जिवाचा धोका वाटत असेल तर एकटं सोडायचं नाही, कौन्सेलिंग सेंटरला किंवा इमर्जन्सी नंबरला तिथूनच फोन. ते नंबर टीएच्या फोनमध्ये सेव्ह आहेत की नाही हे ओरिएंटेशनला तुमच्या डोळ्यांसमोर बघा. नंतर टीएला स्वतःलाही बोलायची गरज असते, त्या दिवशी त्याला वेळ द्या.

सेमिस्टरच्या मध्यावर मुलांचा फीडबॅक घ्या, शेवटचे फॉर्म त्या टीएच्या काहीच कामाचे नसतात, मुलं निघून गेलेली असतात. दोन टीएंनी एकमेकांच्या वर्गात जायचं, वर्गाच्या टीएने बाहेर थांबायचं, मुलांनी तीन-चार जणांच्या गटात बसून लिहायचं की शिकायला कशाची मदत होतेय, कशाची अडचण होतेय आणि काय बदलता येईल, मग सगळ्यांना मान्य असलेले मुद्दे तेवढे काढायचे. वीस मिनिटांचं काम. गटात चर्चा झाल्यामुळे एखाद्याचा वैयक्तिक राग गळून पडतो आणि टीएच्या हातात करता येण्यासारखं काहीतरी येतं, बोर्डावरचं अक्षर लहान आहे, सोडवायला वेळ कमी मिळतो, असलं. पुढच्या तासाला टीएने मुलांना सांगायचं की तुम्ही काय म्हणालात, त्यातलं मी काय बदलतोय आणि काय बदलू शकत नाही.

तुम्हाला एक पथ्य मात्र पाळावं लागेल, मेंटर आणि परीक्षक एकच माणूस नको. पुढच्या सेमिस्टरला टीएशिप द्यायची की नाही यावर तुमचं मत मोजलं जाणार असेल तर टीए तुम्हाला अडचण कधीच सांगणार नाही, छान छान तेवढं दाखवेल. माझ्या वर्ग बघण्याच्या नोंदी मी टीएच्याच हवाली करते, माझ्याकडे ठेवत नाही आणि डिपार्टमेंटला देत नाही, आणि हे सुरुवातीलाच हेडकडून मान्य करून घेतलंय. तुम्हीही घ्या. याला अपवाद मुलांच्या सुरक्षिततेचा किंवा सरळसरळ गैरवर्तनाचा, आणि तोही टीएंना पहिल्या दिवशी सांगायचा, म्हणजे नंतर विश्वासघात झाला असं वाटत नाही.

एखादा टीए खरंच मागे पडतोय असं दिसलं तर आधी कारण शोधा. विषय कच्चा आहे, की भाषेची अडचण आहे, की घरी-दारी काही चाललंय, की मुळात इच्छाच नाही. विषय कच्चा असेल तर दर आठवड्याची गणितं त्याने आधी सोडवून एखाद्या जुन्या टीएला दाखवायची. भाषेचा प्रश्न असेल, परक्या देशातून आलेल्यांना तो असतोच, तर उच्चार सुधारण्याच्या मागे लागू नका, महत्त्वाचे शब्द बोर्डावर लिहायला सांगा, सावकाश बोलायला सांगा, आणि मुलांना स्वतः काम करायला लावणारा तास घेतला की बोलण्याचा भार आपोआप कमी होतो. इच्छा नसलेल्याला ग्रेडिंगचं काम द्या आणि वर्ग दुसऱ्याकडे, असं माझं मत आहे, त्या तीस मुलांचं सेमिस्टर त्याच्या अनुभवासाठी नाही.

तुमचा स्वतःचा वेळ विचारलात तर आठवड्याची मीटिंग, मीटिंगची तयारी आणि एखादा वर्ग बघून त्यावर बोलणं, सगळं मिळून आठवड्याला चार-पाच तास धरा, मिडटर्मच्या आठवड्यात जास्त. हे तास तुमच्या वर्कलोडमध्ये लिहून घ्या, आत्ताच, सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी, नंतर कुणी देत नाही. आणि एवढा वेळ मिळणारच नसेल तर वर्ग बघायला जोड्या लावा, टीएंनीच एकमेकांचे बघायचे त्याच दोन रकान्यांच्या वहीने, ओरिएंटेशन अर्ध्या दिवसाचं करा, पण तपासणीची बैठक आणि आठवड्याची मीटिंग काढू नका. चुकांची जी यादी मीटिंगमध्ये जमते ती एका फाईलमध्ये आठवड्यावार टाकत जा, पुढच्या वर्षीच्या टीएंना तिसऱ्या आठवड्यात काय येणार आहे ते त्यांच्या पहिल्या मीटिंगलाच दाखवता येईल.